‘आज राजवाडा बंद आहे’ : बँकॉकमध्ये जोडप्यांच्या गळ्यात रत्नं कशी मारतात

लग्नाचा दहावा किंवा पंचविसावा वाढदिवस परदेशात करायचा ठरला की मुंबई-पुण्याकडच्या जोडप्यांच्या यादीत बँकॉक हमखास असतं. चार-साडेचार तासांचं विमान, आवाक्यातला खर्च, भारतीय जेवणाची सोय. शहर पर्यटकांना सांभाळून घेणारं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण तिथे एक फसवणूक कित्येक दशकं त्याच जागी, जवळपास त्याच शब्दांत चालू आहे, आणि आनंदाच्या निमित्ताने आलेलं जोडपं तिच्यात सहज सापडतं. यात कुणी पाकीट मारत नाही, धमकावत नाही. पैसे तुम्ही स्वतः, चहा पिता पिता, पिन टाकून देता. म्हणूनच तिचा प्रत्येक टप्पा आधी माहीत असणं फार गरजेचं आहे.

सुरुवात ग्रँड पॅलेसपाशी होते. १७८२ साली बांधायला घेतलेल्या या राजवाड्याच्या चारही बाजूंच्या भिंती मिळून साधारण १,९०० मीटर भरतात. या भिंतींना बरेच दरवाजे आहेत, पण पर्यटकांचं प्रवेशद्वार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. बाकीचे दरवाजे बहुतेक वेळा बंदच असतात आणि काहींपाशी पहारेकरी उभा असतो. सनाम चाय मेट्रो स्थानकावरून चालत येणारं जोडपं दक्षिणेकडून येतं, म्हणजे त्याला आधी हे बंद दरवाजेच दिसतात. नेमक्या त्याच फुटपाथवर इस्त्रीच्या शर्टातला, कधी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ भेटतो. तो काही विकत नाही, काही मागत नाही. तुम्ही कुठून आलात एवढं विचारतो आणि सांगतो, “आज बौद्ध सण आहे, दुपारी एकपर्यंत राजवाडा फक्त थाई लोकांसाठी उघडा.” समोरचा दरवाजा खरोखरच बंद असतो. डोळ्यांना दिसतं ते आणि कानांवर पडतं ते जुळलं की माणूस विश्वास ठेवतो.

आषाढीला विठोबाचं देऊळ बंद आहे असं पंढरपुरात कुणी सांगितलं तर आपण हसू. तिथेही तसंच आहे. विशाखा पूजा, माघ पूजा अशा दिवशी देवळं बंद होत नाहीत, उलट गर्दीने भरून जातात. राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनपर्यंत चालते. परदेशी पर्यटकाला माणशी ५०० बाट (थाई चलन) पडतात. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा कधीतरी बंद ठेवतात हे खरं, पण त्याची सूचना अधिकृत संकेतस्थळावर आधी येते. तेव्हा आदल्या रात्री हॉटेलवर ते एकदा पाहून घ्या. सकाळी रस्त्यावर कुणी काहीही सांगितलं तरी तिकीटखिडकीपर्यंत चालत जा. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका अशा पाट्या खुद्द राजवाड्याच्या परिसरात लावलेल्या असतात, पण त्या दिसण्याआधीच जोडपं रिक्षात बसलेलं असतं.

दुसरा बहाणा कपड्यांचा. इथे वेशाचा नियम खरंच आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हाफपँट, बिनबाह्यांचा झगा, आरपार दिसणारं कापड चालत नाही. कुणी कपड्यांवर बोट ठेवून “तुम्हाला आत सोडणार नाहीत” म्हणालं तर बायको गोंधळते, नवरा घड्याळ पाहतो आणि पुढचा सल्ला कानावर पडतोच. पंजाबी ड्रेस किंवा साडी, आणि पुरुषांना पूर्ण पँट व बाह्यांचा शर्ट असला तर या बहाण्यातला जोरच निघून जातो.

आता तो गृहस्थ नकाशावर तीन-चार ठिकाणांवर खुणा करतो. एक ‘लकी बुद्ध’, एक उभा बुद्ध, आणि मध्ये सहज म्हणून एक ‘एक्स्पोर्ट सेंटर’, जिथे सरकारी सवलत आहे आणि आज शेवटचा दिवस. मग हात करून टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, थांबवतो आणि तुमच्या वतीने घासाघीस करून भाडं ठरवतो: सगळं फिरवून २० किंवा ४० बाट. इथेच थांबायला हवं. मीटरच्या टॅक्सीत नुसतं बसलं की ३५ बाट होतात आणि टुकटुक त्याहून स्वस्त कधीच नसते. तास-दीड तासाची फेरी २० बाटला परवडत असेल तर उरलेलं भाडं दुसरं कुणीतरी भरतंय. ते दुकानदार भरतो. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उतरवलं की चालकाला इंधनाचं कूपन मिळतं, आणि खरेदी झाली तर वर कमिशन.

वाटेतली देवळं खरी असतात, हे विसरू नका. उभा बुद्ध म्हणजे वाट इंथारविहान, ३२ मीटर उंचीची मूर्ती, बघण्यासारखीच. छोट्या ‘लकी’ देवळात मात्र पायरीवर दुसरा एक माणूस बसलेला सापडतो. तो स्वतःला शिक्षक, वकील किंवा सुट्टीवरचा अधिकारी म्हणवतो. पहिल्या गृहस्थाशी त्याचा काही संबंध दिसत नाही. गप्पांत तुम्ही कशासाठी आलात हे निघतं, आणि लग्नाचा वाढदिवस आहे म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. “मग आज सवलतीचा शेवटचा दिवस आहे, माहीत आहे ना? मी दरवर्षी घेतो, बाहेरदेशी विकतो, दुप्पट मिळतात.” तिसरा माणूस खुद्द दुकानात असतो, तुमच्यासारखाच पर्यटक, हातात पावती. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन अनोळखी लोकांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरी असणार, असा आपला हिशेब असतो. सगळा डाव या हिशेबावरच उभा आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला आपल्या समारंभाचं निमित्त सांगू नका. एकदा ते कळलं की पुढच्या प्रत्येकाला तुमच्याशी काय बोलायचं ते ठाऊक होतं.

सरकारच्या नावाने रत्नांची एक दिवसाची किंवा एका आठवड्याची विक्री थायलंडमध्ये नसते. पर्यटकांना करपरतावा मिळतो तोही वेगळ्या रीतीने. तशी पाटी असलेल्या दुकानात किमान २,००० बाटची खरेदी, त्याच दिवशी भरून घेतलेला फॉर्म आणि परतताना विमानतळावर तपासणी. हा कर ७ टक्के आहे आणि परताव्याची सोय वर्षभर असते, त्यामुळे ‘फक्त आज करमुक्त’ या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

दुकान थंडगार, नीटनेटकं असतं. आधी चहा किंवा थंड पाणी येतं, मग काचेखालचे खडे. नीलम, माणिक, पुष्कराज ही नावं विक्रेत्याला पाठ असतात आणि भारतीय अंगठीत घालायला खडे घेतात हेही त्याला ठाऊक असतं. बायको दुसऱ्या काउंटरवर बांगड्या बघत असताना नवऱ्याला हळूच सुचवलं जातं की भेट आत्ता घ्या, रात्री जेवताना द्या. दोघांनी एकमेकांना विचारायचंच नाही अशी सोय करून ठेवलेली असते. म्हणून हॉटेल सोडतानाच ठरवून ठेवा: एका ठरावीक रकमेच्या वरचं काहीही एकट्याने घ्यायचं नाही, भेट असली तरी.

खडा पारखून दाखवण्याचे प्रयोग होतात. खड्याने काचेवर ओरखडा काढतात. लायटरची ज्योत धरून खड्याला काही होत नाही हे दाखवतात. दोन्ही प्रयोग खरे असतात आणि दोन्हीतून काहीही सिद्ध होत नाही. नीलम आणि माणिक एकाच खनिजाचे प्रकार, काठिण्य ९, आणि काच साडेपाचच्या आसपास, त्यामुळे ओरखडा उठणारच. पण कारखान्यात बनवलेल्या नीलमाचंही काठिण्य ९ च असतं आणि तोही ज्योतीला दाद देत नाही. ज्वाळेत वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. तसा खडा दहापट भिंगाखाली धरला तर आत वाकड्या, कमानीसारख्या रेषा किंवा गोल बुडबुडे दिसू शकतात. मात्र ते ओळखायला सरावलेली नजर लागते.

आणि बहुतेक वेळा खडा बनावट नसतोच. खरा असतो, फक्त अगदी खालच्या प्रतीचा: काळपट, धुरकट, आत चिरा असलेला, आणि किंमत कितीतरी पट लावलेली. सारख्याच वजनाच्या दोन नीलमांच्या किमतींत रंग, स्वच्छता आणि प्रक्रिया यांमुळे शंभरपटीचा फरक पडू शकतो. दुकान जे प्रमाणपत्र देतं त्यावर ‘नैसर्गिक नीलम’ एवढंच लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, त्यामुळे पुढे तक्रार करताना तेच आडवं येतं. बाजारातले बहुसंख्य नीलम-माणिक रंग खुलवण्यासाठी तापवलेले असतात. तो गुन्हा नाही, पण सांगायला हवं आणि किंमत त्याप्रमाणे हवी. पुष्कराजाच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. बेरिलियमसोबत तापवून फिक्या खड्याला पिवळा-नारिंगी रंग देतात. २००२ च्या सुमारास थायलंडमधल्या चांथाबुरीच्या रत्नबाजारातून असे खडे जगभर गेले आणि मोठा गदारोळ झाला. ही प्रक्रिया साध्या भिंगाने ओळखणं अवघड, त्यासाठी प्रयोगशाळेतली रासायनिक तपासणी लागते.

खरंच खडा घ्यायचा असेल तर दुकानदाराला एकच विनंती करा: “बँकॉकच्या रत्नपरीक्षण संस्थेत, जीआयटीत, आधी तपासून घेऊ आणि अहवाल आला की पैसे देऊ.” सरळ व्यापारी याला तयार होतो. डावातला विक्रेता सवलत आज संध्याकाळी संपते म्हणतो. तेवढ्यावर उठा. चहा प्यायलात म्हणून काही देणं लागत नाही.

पैसे देण्याची वेळ आली की दोन गोष्टी होतात आणि या दोन्ही नीट लक्षात ठेवा. पहिली, माल सोबत देण्याऐवजी दुकान तो डब्यात सीलबंद करून तुमच्या भारतातल्या पत्त्यावर टपालाने पाठवण्याचा आग्रह धरतं. कारण सांगतात विमानतळावरचा त्रास. खरा उद्देश हा की बँकॉकमध्ये असेपर्यंत तुम्ही तो कुणाला दाखवू नये. वर तो फुगवलेला आकडा बिलावर असतो आणि भारतात कस्टमवाले तेच बिल समोर ठेवून हिशेब करू शकतात. दुसरी, काही वेळा कार्ड दुकानात न चालवता तुम्हाला सोन्याच्या पेढीवर नेतात, कार्डावर सोनं घ्यायला लावतात आणि ते सोनं रत्नांच्या बदल्यात ठेवून घेतात. पेढीने सोनं योग्य भावाने दिलेलं असतं. मग बँकेकडे तक्रार करणार कशाची?

पॅकेज टूरच्या कार्यक्रमात ‘रत्नदालनाला भेट’ असते ती याहून वेगळी. तिथे दुकान उघड असतं, भाव चढा असतो आणि टूरवाल्याला कमिशन मिळतं. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण खरेदीची सक्तीही नसते. गाडीत बसून राहिलात तरी चालतं.

याच फेरीत शिंप्याचं दुकानही येतं: चोवीस तासांत सूट, कापड ‘शुद्ध लोकर’. कापडाचा एक धागा मागून जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दोनदा अंगावर घालून बघायला न मिळालेला सूट नीट बसत नाही, त्यामुळे मुक्काम तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर तो विचार सोडाच.

निघण्याआधी घरीच करायचं काम म्हणजे कार्डाची मर्यादा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार परदेशी व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा बदलायची सोय बँकेच्या अ‍ॅपमध्ये असते. दिवसाच्या खर्चाएवढीच मर्यादा ठेवा, बाकीची कार्डं बंद. मोठी खरेदी करायची झाली तर मर्यादा वाढवायला मुद्दाम फोन हातात घ्यावा लागेल, आणि तेवढ्या वेळात दोघांचं बोलणं होईल.

राजवाड्याला जायचा साधा मार्ग नदीचा. बीटीएस स्कायट्रेनने (उंचावरून धावणाऱ्या गाडीने) सफान ताक्सिनला उतरा, खाली साथोन धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडा आणि था चांग धक्क्यावर उतरून ना फ्रा लान रस्त्याने सरळ चालत जा. बंद दरवाजे वाटेत लागतच नाहीत.

फसलात असं लक्षात आलं तर थायलंडमध्ये असतानाच हालचाल करा, तिथे एकेक तासाला किंमत असते. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, इंग्रजीत बोलता येतं. पावती, दुकानाचं कार्ड, दाराचा फोटो आणि पार्सल पाठवलं असेल तर टपालाची पोच जवळ ठेवा. पोलिसांना सोबत घेऊन दुकानात गेलं तर अनेकदा माल परत घेतात, पण पूर्ण रक्कम देत नाहीत, काही टक्के कापतात. ती कपात मान्य करायची की नाही हे दोघांनी ठरवा, मात्र “भारतातून पाठवा, पैसे जमा करू” यावर निघून येऊ नका. परत आल्यावर बँकेला कळवताना ‘व्यवहार मी केला नाही’ असं चुकूनही लिहू नका. पिन तुम्ही टाकलेला असतो आणि तक्रार तिथेच फेटाळली जाते. ‘माल सांगितल्याप्रमाणे नाही’ या कारणाखाली वाद नोंदवा आणि सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, पावती, दुकानाशी झालेले संदेश आणि ११५५ कडच्या तक्रारीची प्रत जोडा. या वादाला मुदत असते, म्हणून परतल्यावर बॅगा उघडायच्या आधी बँकेला ईमेल जाऊ द्या.