नागपुरात रोजच्या जाण्यायेण्याला कोणता बोर्ड: ड्रॉप-थ्रू की छोटा क्रूझर?

स्केटबोर्डवर पाय बसलेला असेल, तर लांबीचा प्रश्न नंतरचा. आधी फळी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. ऑफिसला जाताना ट्रिक्स कोण मारतंय? पुशच मारावे लागतात, म्हणजे एका पायाने जमीन मागे ढकलत जायचं.

ड्रॉप-थ्रू या लाँगबोर्डमध्ये ट्रकची (चाकं फळीला जोडणाऱ्या धातूच्या भागाची) बेसप्लेट, म्हणजे बूड, फळीच्या वर आणि हँगर, म्हणजे चाकांचा आस धरणारा भाग, खाली असतो. त्यामुळे फळी अर्धा-पाऊण इंच खाली येते. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण प्रत्येक पुशला उभ्या पायाचा गुडघा तेवढा कमी वाकतो. वर्धा रोडसारख्या सरळ पट्ट्यावर तीन-चार किलोमीटर गेलात की फरक मांडीला कळतो. पायाने ब्रेक लावणंही सोपं जातं, आणि सेमिनरी हिल्सच्या उतारावर त्याची किंमत समजते. चाकांसाठी फळीला कटआउट (खाचा) असल्याने वळताना चाक फळीला घासत नाही.

दुसरीकडे 28 ते 32 इंची, किकटेलवाला, म्हणजे मागची शेपटी (टेल) वर वळलेला, छोटा क्रूझर. हा उंच असतो, लांब अंतरावर दमवतो. पण स्पीडब्रेकर, फुटपाथची कड, मधेच उखडलेले पेव्हर ब्लॉक आले की टेलवर पाय दाबून नाक उचलता येतं. ही सवय तुमच्याकडे आहेच. ड्रॉप-थ्रूला बहुधा पॉप (टेल आपटून बोर्ड उडवायची सोय) नसतो, तिथे उतरून बोर्ड हातात घ्यावा लागतो. आणि सुभाषनगरला मेट्रो पकडून सीताबर्डीला उतरायचं असेल, तर चाळीस इंची फळी गर्दीत कोणाच्या तरी पोटऱ्यांना लागणारच.

चाकं दोन्हीकडे मऊच हवीत: 65 ते 70 मिमी, 78ए च्या आसपास (ए हा कडकपणाचा आकडा, जितका कमी तितकं चाक मऊ). सिमेंट रोडच्या सांध्यांवर 52 मिमी, 99ए चाकं दात खिळखिळे करतात. मात्र एक गोष्ट जुन्या खेळाडूंनाच नडते. कडक चाकांवर जसा पॉवरस्लाइड (बोर्ड आडवा घसरवून वेग कमी करणं) मारता, तसाच इथे मारलात तर चाक सरकत नाही, रस्त्याला चिकटतं. बोर्ड थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. रिव्हर्स किंगपिन ट्रकही (मुख्य बोल्ट बाहेरच्या बाजूला असलेले, लाँगबोर्डचे) सुरुवातीला फार झुकतात असं वाटेल. बुशिंग (ट्रकमधले मऊ गोल तुकडे) वजनाप्रमाणे बदला, नुसता नट आवळत बसू नका.

पिनटेल, म्हणजे मागे निमुळता लाँगबोर्ड, दिसायला देखणा. फुटाळ्याला संध्याकाळी मिरवायला छान, रोजच्या कामाला नको.

माझा कौल: घर ते ऑफिस सगळं अंतर बोर्डवरच कापायचं असेल तर ड्रॉप-थ्रू, अध्येमध्ये मेट्रो असेल तर क्रूझर. ठरत नसेल तर भाऊ, आधी खर्चच करू नका. घरच्या जुन्या बोर्डाला 60 मिमी मऊ चाकं आणि पाव इंची रायझर (ट्रक आणि फळीच्या मधली पट्टी) लावून बघा. बोल्ट तेवढे सव्वा इंची घ्या, जुने पुरणार नाहीत.