आठ महिने मेटल डिटेक्टर, काटोल रोडचं वावर आणि काकूंचं जोडवं

नोव्हेंबरात घेतलं, आता जून संपत आला. साडेनऊ हजार गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कुरकुर बरीच आहे. 8 इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची तारेची गोल चकती), तीन प्रकारचे आवाज, पडद्यावर धातू कोणता त्याचा अंदाज देणारा 0 ते 99 आकडा, चार पेन्सिल सेल. बस.

जागा म्हणजे मित्राच्या काकांचं नागपूरच्या काटोल रोडवरचं वावर. अर्ध्यात संत्रा, अर्ध्यात कापूस. एक रविवार सोडून एक, सकाळी सहाला काटोल नाक्यावर भेटायचं, तर्री पोहे खायचे आणि निघायचं. मागे बसलेल्यानं यंत्र उभं धरायचं. सिग्नलवर एकानं विचारलं होतं, "मच्छी माराले चालले का भाऊ?"

खोक्यावर लिहिलंय, नाणं 8 इंच खोलवर सापडतं. आमच्याकडे 4. आधी वाटलं यंत्रच बोगस. मग कळलं की दोष अर्धा मातीचा आहे. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे प्रवाह फिरतो आणि त्याचं उत्तर किती उशिरा येतं त्यावरून यंत्र लोखंड की तांबं ते ठरवतं. आता आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण. यंत्राला अख्खं वावरच थोडं थोडं लोखंड वाटतं. म्हणून बटण दाबून, कॉइल जमिनीवर खालीवर हलवून त्याला "ही माती आहे बाबा" असं शिकवावं लागतं. एकदा शिकवून भागत नाही. झाडाच्या ओल्या आळ्यात एक, कोरड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दुसरं. पहिले दोन महिने आम्ही सकाळी एकदाच शिकवत होतो आणि दिवसभर शिव्या देत होतो.

दुसरी गंमत विहिरीवरच्या मोटरची. ती चालू झाली की यंत्र येड्यासारखं किरकिरतं. लाईन गेली की शहाणं. लोडशेडिंगची वाट बघणारे अख्ख्या तालुक्यात आम्ही दोघंच असू.

सापडलं काय? वखराची मोडकी पास, बैलाच्या नाला, काटेरी तार, नटबोल्ट. आणि कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावर असते ती अॅल्युमिनियमची चकती, ती तर शेकड्यानं. तिचा कंटाळा येऊन तो आकडाच बंद करावासा वाटतो. करू नका. सोन्याची लहान अंगठी नेमकी त्याच आकड्यांत बोलते. नाणी एकूण नऊ. सहा बाजूंची 3 पैशांची चार, मोटरच्या खोलीजवळ एका जागी, कुणाच्या तरी खिशातून सांडलेली असावीत. आणि एक 1943 चा भोकाचा पैसा. तो काकांनी हातात घेतला, अंगठ्यानं माती पुसली आणि म्हणाले, "हा आमचा बाप वायसर म्हणून लावे." परत दिला नाही.

यंत्राची खरी परीक्षा मार्चमध्ये झाली. निंदणाच्या वेळी काकूंच्या पायातलं एक जोडवं संत्र्यात पडलं. चांदी म्हणजे 80 च्या वरचा कडक आवाज, असं पुस्तिकेत आहे. दोन रविवार आम्ही 80 च्या वरचंच उकरत बसलो. तिसऱ्या वेळी मित्र म्हणाला, "काकू, दुसरं काढून द्या न जरा, आकडा पाहतो." काकू म्हणाल्या, "ते नाही निघत बापा. पाहायचं तं असंच पाहा." आणि बाजेवर बसून त्यांनी सरळ पायच पुढे केला. आम्ही कॉइल त्यांच्या बोटांवरून फिरवली. आकडा आला 46. दोघंही गप्प. कारण मग सुचलं: जोडवं अखंड नसतं, त्याला फट असते. कडं तुटलेलं असलं की प्रवाह गोल फिरू शकत नाही, आणि चांदीसुद्धा कचऱ्यासारखी बोलते. मग 40 ते 50 मधलं सगळं उकरलं. अकराव्या झाडाच्या आळ्यात, दोन बोटं मातीखाली. त्याआधी चकत्या निघाल्या सव्वीस.

शेजारच्या धुऱ्यावरून विचारणा होतेच, "काय शोधून राहिले रे पोट्टेहो, गुप्तधन?" हसण्यावारी नेऊ नका, यंत्र लगेच बंद करून दाखवा, काय सापडलं तेही दाखवा. जमीनमालकाला आधी विचारा. आणि 1878 चा कायदा अजून आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची चीज मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांत आज पोहेही येत नाहीत, पण कायदा तो कायदा. याच रस्त्यावर जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, महापाषाण काळातली दफनं, संरक्षित. तिकडे यंत्र डिकीतूनही काढायचं नाही. एका ओळखीच्यानं "एक चक्कर मारू" म्हटलं होतं, त्याला पुन्हा सोबत नेलं नाही.

आता कुरकुर. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळली नाही तर तीच हलून खोटे आवाज देते, हे पुस्तिकेत कुठेच नाही. हेडफोनचं भोक जाड पिनेचं, सीताबर्डीला जाऊन जोड आणावा लागला. एप्रिलनंतर उन्हात पडदा काळा पडायचा, सावलीत धरला की परत यायचा. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, दुपारी वापरू नका. मे महिन्यात नागपुरात दुपारी कोण वापरतंय! सेलची मात्र तक्रार नाही, चार रविवार सहज जातात.

सोबतचं प्लास्टिकचं खुरपं पहिल्याच दिवशी मोडलं. काळी माती उन्हाळ्यात दगड होते आणि पावसात हाताला सोडत नाही. गावातल्या लोहाराकडून अरुंद पात्याचं करून घेतलं, तेच चालू आहे. खड्डा बुजवायचा, हे काकांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ दिली नाही.

आता पेरणी तोंडावर आहे. दिवाळीपर्यंत कापसाच्या वावरात पाय ठेवायचा नाही असा हुकूम झालाय. यंत्र त्यांच्याच कोठ्यात ठेवलंय, सेल काढून. गावातून दोन निरोप आलेत: एकाचा पान्हा हरवलाय, एकीची नथ. पान्हा काढून देतो म्हणालो. नथीला मात्र आधीच नाही सांगितलं, सोन्याची तेवढी बारीक तार या कॉइलला दिसत नाही.