हवेचा हॉट टब, सात महिन्यांनंतर

दिवाळीच्या आठवडाभर आधी हवा भरायचा, 800 लिटरचा हॉट टब घेतला. घर नाशिकला गंगापूर रोडवर, मागे छोटं अंगण. ह्यांना तो गच्चीवर हवा होता, वर चांदण्या दिसतात म्हणून. ओळखीच्या इंजिनिअरने हिशेब मांडला: 800 लिटर म्हणजे 800 किलो, वर चार माणसं, आणि सगळा भार जेमतेम तीन चौरस मीटरवर. "वहिनी, एवढ्यासाठी गच्ची बांधलेली नसते," म्हणाला. टब अंगणात बसला.

पहिला घोळ दिवाळीतच. नरक चतुर्दशीला भाचरं तेल-उटणं लावून थेट टबात. थोड्या वेळात पाण्यावर फेस, पाणी दुधाळ. मी निर्धास्त. 38 अंशांच्या पाण्यात कुठले जंतू टिकतात? भाऊबीजेला तिघांच्या पोटावर, मांड्यांवर, नेमके पोहायच्या कपड्यांखाली लाल, खाजरे फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "पोहायला कुठे गेला होतात?" स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे केसांच्या मुळाशी होणारा हा संसर्ग, आणि त्याला चक्क 'हॉट टब रॅश' म्हणतात. आठवड्यात सगळे बरे झाले. नणंदबाई मात्र अजून ऐकवतात.

कोमट पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे, हे मला तेव्हा समजलं. तेल, घाम, क्रीम सगळंच क्लोरीन खाऊन टाकतं, आणि उष्णता नि बुडबुडे मिळून उरलेलाही उडवतात. आता नियम एकच: आधी साबण लावून आंघोळ, मग टब. उतरण्याआधी तपासणीची काडी बुडवायची. क्लोरीन किमान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3), पीएच 7 ते 7.8. आमचं बोअरचं पाणी जड, पीएच सारखा वर सरकतो, आणि तो वर गेला की असलेला क्लोरीनही नीट काम करत नाही. फिल्टर काढून धुते. पाइपच्या तोंडाशी बोट फिरवून बघते; बुळबुळीत लागलं की टब रिकामा करून, घासून पुन्हा भरायचा. कंटाळवाणं आहे, खरं सांगते.

मला लीजिओनेला नावाचा जिवाणू जास्त घाबरवतो. हे जिवाणू साधारण 25 ते 45 अंशांत वाढतात, म्हणजे टबाचंच तापमान, आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. 1999 साली नेदरलँड्समधल्या एका फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या मांडलेल्या टबातून हा न्यूमोनिया पसरला, तीसहून जास्त माणसं गेली. पाण्यात कोणी उतरलंसुद्धा नव्हतं! वयस्कर आणि सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक. आमचे बाबा दोन्हींत बसतात.

बाबांचं आणखी एक. ते बीपीची गोळी घेतात. जानेवारीच्या कडाक्यात (निफाडची थंडी आमच्यापर्यंत येतेच) 40 अंशांवर वीसेक मिनिटं बसले आणि झटक्यात उठले. डोळ्यांसमोर अंधारी, मी दंड धरला म्हणून वाचले. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, गोळीनेही दाब उतरलेलाच असतो. डॉक्टरांनी नंतर 37 अंश आणि दहा मिनिटं ठरवून दिली, कठड्यावर थोडं बसून मग उठायचं. 40 च्या वर तर कोणीच जाऊ नये. जाऊबाई गरोदर आहे, तिला डॉक्टरांनी टब नकोच सांगितला. वाइनचा ग्लास घेऊन बसायची हौस ह्यांना होती, नाशिककरच ते. तीही बंद केली.

विजेचं म्हणाल तर 20 अंशांवरून 38 वर आणायला साधारण 17 युनिटं आणि रात्रभराचा वेळ. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घेतला, त्याशिवाय मी प्लग लावूच दिला नसता. पंप मात्र घुमतो, शेजारच्या काकू दोनदा बोलल्या. झाकणाचा पट्टा तिसऱ्याच महिन्यात उसवला. घरात लहान मूल आहे, तेव्हा पदरचे पैसे घालून कुलपाचा बसवला.

माझी पाठ मात्र या हिवाळ्यात खरंच कमी दुखली. मेमध्ये टब बंद केला. झाकण काढून पाणी काही दिवस तसंच ठेवलं, काडीवर क्लोरीन शून्य दिसल्यावर बादलीबादलीने चिकूला घातलं.