जुन्या स्विफ्टचे हेडलाइट: एलईडी न लावता उजेड वाढवला, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. गाडी २००९ ची पेट्रोल स्विफ्ट, त्यातले मूळ एच-४ हॅलोजन, म्हणजे अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (खालचा, जवळचा उजेड) दोन्ही एकाच बल्बमध्ये. काम करून घेतलं ते असं की काचा घासून त्यावर कोटिंग, रिलेवाली वेगळी वायरिंग, ६०/५५ वॅटचेच (अप्पर ६०, डिपर ५५) पण चांगल्या प्रतीचे बल्ब आणि सगळ्यात शेवटी नीट फोकस सेटिंग. एलईडी नाही, एचआयडी (झेनॉन गॅसवाले) नाही, ते जास्त वॅटचे १००/९० वाले पण नाहीत. पैसे वसूल झाले का, तर हो, पूर्ण झाले, आणि जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की आधी काच, मग करंट, मग बल्ब आणि मग फोकस, ह्या क्रमाने जा. बल्ब तिसऱ्या नंबरवर मुद्दाम ठेवलाय कारण सगळे जण सुरुवात तिथूनच करतात.

माझं माहेर भोरच्या पुढे आहे त्यामुळे रविवारी रात्री परत यायचं म्हणजे कापूरहोळपर्यंत अंधाराचा रस्ता, मध्ये डिव्हायडर नाही, कडेचा पांढरा पट्टा कुठे आहे कुठे नाही, आणि ऊसाचा सीझन असला की मागे एकही लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या. शहरात, म्हणजे सिंहगड रोडला किंवा सातारा रोडला, हेडलाइट कमी आहेत हे कळतच नाही कारण रस्त्यावरच्या दिव्यांत सगळं दिसतं. खेड शिवापूरचा टोल ओलांडून हायवे सोडला की कळतं. समोरून गाडी आली आणि आपण अप्परचा डिपर केला की पुढचा रस्ता जवळजवळ गायब व्हायचा, ही भीती ज्याला माहितीये त्याला मी हे एवढं का लिहितेय ते कळेल.

एलईडीबद्दल आधीच बोलून घेते कारण सगळ्यात जास्त तेच विकलं जातं. ॲक्सेसरीच्या एका दुकानात मला दुकानाच्या पांढऱ्या भिंतीवर डेमो दिला, डोळे दिपतील असा पांढरा शुभ्र उजेड, आणि बॉक्सवर लिहिलेलं २०० वॅट. आता साधा हिशोब करा, १२ व्होल्टवर २०० वॅट म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर, ते पण एका बल्बला, आणि गाडीतला हेडलाइटचा फ्यूज साधारण १०-१५ अँपिअरचा असतो, मग तो पहिल्याच रात्री उडायला हवा की नको? उडत नाही, कारण तो बल्ब २०० वॅट खातच नाही. मी विचारलं तर उत्तर आलं की ताई, हे ब्राइटनेसचे वॅट असतात. असे वॅट नसतात. मी तिथून निघाले.

पण खरा प्रॉब्लेम वॅटचा नाहीये, उजेड पडतो कुठे ह्याचा आहे. एच-४ बल्ब हातात घेऊन बघितला (काचेला हात न लावता, ते पुढे सांगते) तर आत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या बारीक तारा दिसतात, आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या चकचकीत आरशाचा) फक्त वरचा भाग वापरला जातो आणि उजेड खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. भिंतीवर जी सरळ रेघ दिसते, उजवीकडे आडवी आणि डावीकडे १५ अंशांनी वर चढणारी, ती ह्या वाटीमुळे. डावीकडे वर का, तर आपण डावीकडून चालवतो, तिकडे कडेची माणसं, पाट्या, सायकलवाले दिसले पाहिजेत आणि उजवीकडच्या येणाऱ्या गाडीला त्रास नको. रिफ्लेक्टरची प्रत्येक वळी त्या बारीक तारेच्या जागेचा हिशोब धरून बनवलेली असते. तिथे जाड पट्टीवर दोन्हीकडे चिप चिकटवलेला एलईडी ठेवला की जागा आणि आकार दोन्ही बदलतात, मग ती रेघ फुटते, उजेड वर झाडांवर आणि समोरच्याच्या तोंडावर. चालवणाऱ्याला मात्र गाडीपुढचा पहिला पट्टा लख्ख दिसतो म्हणून त्याला वाटतं मस्त काम झालं, आणि जवळचं एवढं उजळ दिसलं की डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं उलट कमी दिसतं. कात्रज घाटात किंवा दिवे घाटात समोरून असल्या गाड्या येतात तेव्हा आपण दोन-तीन सेकंद आंधळे होतो हे रोजचं झालंय. मला त्यात भर घालायची नव्हती. घरात कुणी चष्मेवाले, वयस्कर गाडी चालवत असतील तर त्यांना विचारा रात्री काय होतं ते.

मूळ प्रोजेक्टर (पुढे भिंगवाला हेडलाइट) असलेल्या, कंपनीतून एलईडी आलेल्या गाड्यांचा विषय वेगळा, त्यांचं सगळं ऑप्टिक्स त्यासाठीच बनलेलं असतं.

तर काम नाना पेठेत करून घेतलं. तिथे स्पेअर पार्टच्या गल्ल्यांमध्ये एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, चाचा म्हणतात सगळे, त्यांच्याकडे. गाडी गेल्या गेल्या त्यांनी बल्बचं नावच काढलं नाही. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, लाइट लावले आणि मल्टिमीटरच्या पिना आधी बॅटरीला लावल्या, १४.१ व्होल्ट. मग बल्बचा होल्डर मागून थोडा सैल करून तिथे लावल्या, १२.२. दोनदा करून दाखवलं मला. म्हणाले, "ताई, बल्बला कशाला शिव्या देताय, त्याला पोटभर मिळतच नाहीये." जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत खाल्ले जात होते, म्हणजे बॅटरीपासून फ्यूज बॉक्स, तिथून स्टिअरिंगजवळचा अप्पर-डिप्परचा स्विच, तिथून परत पुढे, एवढी सगळी बारीक वायर, आणि इतक्या वर्षांत गंजलेली कनेक्शनं.

दोन व्होल्टने काय होतंय असं वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साध्या प्रमाणात बदलत नाही, साधारण ३.४ च्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज १०% कमी झालं तर उजेड १०% नाही, पाव भागाहून जास्त कमी होतो. आणि फिलामेंट थंड चालल्यामुळे तो पिवळट, तांबूस पण दिसतो, आपण म्हणतो बल्ब जुना झाला.

रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि हार्नेस म्हणजे वर म्हटलेली तयार वेगळी वायरिंग. रिले हार्नेसचं काम एवढंच आहे की बॅटरीपासून सरळ जाड वायर, फ्यूज लावून, रिलेमार्गे बल्बपर्यंत न्यायची, आणि गाडीची मूळ वायर फक्त रिलेला चालू-बंद सांगण्यापुरती वापरायची. मूळ वायर कुठेही कापली नाही, जुन्या एका होल्डरमध्येच हार्नेसचा प्लग बसतो, उद्या काढायचा म्हटलं तर अर्ध्या तासात गाडी जशी होती तशी. इथे एक गोष्ट बघून घ्या, काही गाड्यांमध्ये हेडलाइटचं स्विचिंग प्लसवर असतं आणि काहींमध्ये अर्थवर, ते न तपासता बाजारातला हार्नेस लावला तर डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा गंडतो किंवा अप्पर-डिप्परच उलटसुलट होतं. चाचांनी आधी टेस्ट लॅम्प लावून बघितलं आणि मगच हार्नेस उघडला. अर्थची वायर पण त्यांनी बॉडीचा रंग खरवडून, धातू लख्ख दिसेपर्यंत घासून, बोल्टखाली दाबली आणि वरून ग्रीस लावलं. हे असलं काम करणारा माणूस मिळाला की बाकी चिंता नाही. सगळं झाल्यावर परत मीटर लावला, होल्डरवर १३.७. वरचा घाताचा हिशोब लावला तर तोच जुना बल्ब जवळपास दीडपट उजेड देतो आणि तसाच दिसला पण, भर दुपारी शटर अर्धं ओढून बघितलं तरी फरक कळत होता.

काचांचं काम त्याच्या आधी झालं होतं. ह्या काचा म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट, वरचं कोटिंग उन्हाने गेलं की पिवळ्या आणि धुरकट होतात, आणि पुण्यात गाडी बाहेर उन्हात उभी राहत असेल तर होणारच. टूथपेस्टने घासून चमक येते, थोडेच दिवस टिकते. नीट करायचं तर पाणी मारत मारत पॉलिश पेपर, ८०० पासून सुरू करून १५००, २०००, ३००० पर्यंत, मग कंपाउंड (पॉलिशची पेस्ट), आणि मग उन्हापासून वाचवणारं यूव्ही कोटिंग. शेवटचं कोटिंग सगळ्यात महत्त्वाचं, कारण घासताना उरलंसुरलं जुनं कोटिंग पण आपण काढून टाकलेलं असतं, ते परत दिलं नाही तर काही महिन्यांत काच आधीपेक्षा वाईट. आमच्याकडे काम करणाऱ्याने ८०० चा पेपर फिरवल्यावर काच पूर्ण दुधाळ झाली आणि मला धडकीच भरली, पण ३००० पर्यंत येता येता आतला रिफ्लेक्टर स्वच्छ दिसायला लागला. आत डोकावून बघा तेव्हाच. रिफ्लेक्टरची चांदी काळवंडली असेल, उडाली असेल तर बाहेरून काहीही करा, उपयोग नाही, अख्खा हेडलाइट बदलावा लागतो.

बल्ब ऑसरामचे नाइट ब्रेकर घेतले, फिलिप्सचे पण ह्याच प्रकारचे येतात. पाकिटावर जे १५०% जास्त वगैरे असतं ते नीट समजून घ्या, एकूण उजेड अडीचपट होत नाही, एच-४ ला नियमानेच १३.२ व्होल्टवर डिपरला साधारण १००० आणि अप्परला १६५० लुमेन (एकूण उजेडाचं माप) अशी मर्यादा आहे. ह्या बल्बांमध्ये फिलामेंट जास्त नेमकं बसवलेलं आणि जास्त तापणारं असतं, त्यामुळे रस्त्यावरच्या ठराविक ठिकाणी जास्त उजेड पोचतो, आणि तो आकडा त्या ठिकाणांचा, कायद्यातल्या किमान उजेडाशी तुलना करून दिलेला असतो. फरक आहे, चांगला आहे, पण वायरिंगएवढा नाही. आणि जास्त तापणारं फिलामेंट कमी टिकतं, कुठल्याही कंपनीचं असू दे, त्यात हार्नेसने व्होल्टेजही पूर्ण मिळतंय, म्हणून जुने दोन बल्ब मी ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवलेत. बसवताना काचेला बोट लावू देऊ नका, बोटाचं तेल गरम होऊन तिथेच बल्ब जातो.

१००/९० का नाही घेतले, तर मूळ प्लास्टिकचा होल्डर आणि रिफ्लेक्टर दोन्ही ६०/५५ च्या उष्णतेसाठी बनलेत, आणि ते बल्ब रस्त्यावर वापरायला चालतच नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि १५ वर्षं झाली की पुन्हा पासिंगला गाडी न्यायचीच असते. ज्या एआयएस मानकांवर (वाहन उद्योगाच्या भारतीय मानकांवर) आपल्याकडे गाड्यांचे दिवे तपासले जातात ती आपल्याच पुण्यातल्या एआरएआय ह्या वाहन संशोधन संस्थेकडून प्रसिद्ध होतात, रोज सकाळी त्यांच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांच्या गाड्यांत तरी डोळे फोडणारे दिवे नसावेत असं मला मनापासून वाटतं.

फोकस सेटिंग हे फुकटचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. बल्ब काढला-घातला की करायलाच हवं. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्येच केलं, सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, चालवणारा सीटवर बसलेला, भिंतीपासून १० मीटर लांब. बल्बच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर चिकटपट्टी लावायची आणि डिपरची आडवी रेघ त्या पट्टीच्या १० सेंटीमीटर खाली आणायची, हेडलाइटच्या मागच्या स्क्रूने. गाडीत आतून उजेड वर-खाली करायचं लेव्हलिंगचं चाक असेल तर ते शून्यावर ठेवून. माझा डावा दिवा जवळजवळ बंपरसमोरच पडत होता आणि उजवा वर, म्हणजे इतकी वर्षं मला कमी आणि समोरच्याला जास्त दिसत होतं.

आता रस्त्यावर. डिपरवर कडेचा पट्टा लांबपर्यंत सलग दिसतो, डावीकडच्या वर चढणाऱ्या उजेडात माणसं आधी पाय, मग कंबर अशी वेळेत दिसायला लागतात. कापूरहोळच्या अलीकडे बिनदिव्याची ट्रॉली आरामात ब्रेक लावता येईल एवढ्या अंतरावर दिसली. उजेडाचा रंग अजूनही उबदारच आहे आणि पावसात ते मला फार आवडतं, ओल्या डांबरावर निळसर पांढरा उजेड असला की रस्ता आरशासारखा काळा होतो आणि खड्डे कळत नाहीत. समोरून कुणी अप्पर मारून तक्रार केली असं अजून झालं नाही.

ताम्हिणीतल्या धुक्यात मात्र ह्या सगळ्याने फार फरक पडत नाही, तिथे अप्पर लावला की पांढरी भिंत उभी राहते, तिथे खाली बसवलेले रुंद, सपाट उजेडाचे फॉग लॅम्पच हवेत. माझ्या मॉडेलला ते नव्हते, ते पुढचं काम. आणि अप्परवर नव्या गाड्यांएवढं लांबचं दिसेल अशी अपेक्षा पण ठेवू नका.

खर्च म्हणाल तर बल्बची जोडी दोन-अडीच हजार, हार्नेस आणि मजुरी मिळून दीड हजाराच्या आसपास, काचांचं काम हजाराच्या आत. बजेट कमी असेल तर बल्ब राहू द्या, काचा, हार्नेस आणि फोकस करा. हार्नेस घेताना वायर हातात घेऊन बघा, जाड आणि तांब्याची हवी, होल्डर सिरॅमिकचा, रिलेला पाणी लागणार नाही अशी जागा, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज लांब असला आणि मध्येच वायर घासून बॉडीला लागली तर आग लागते, त्यामुळे ह्यात पैसे वाचवू नका. पावसाळा संपला की कनेक्टर उघडून एकदा हिरवट गंज आहे का बघून घ्यायचा, चाचांनी दिवाळीच्या आधी गाडी परत आणायला सांगितलीये.