फ्लश लिहिलं की चूक दाखवणारं कंपायलर ॲप : पाचपैकी दोन तारे

लातूरला मी बारावीच्या बायफोकल कॉम्प्युटर सायन्सची शिकवणी घेते. निम्म्या लेकरांकडे लॅपटॉप नाही, म्हणून जूनमध्ये सगळ्यांना सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेचं हे कंपायलर ॲप, म्हणजे लिहिलेला कोड तपासून चालवणारं ॲप, मोबाइलवर घ्यायला लावलं. वर्षाला ३९९ रुपये. नेट नसलं तरी चालतं, साध्या फोनवरही अडकत नाही. एवढं चांगलं आहे.

गेल्या आठवड्यात औशाहून एस.टी.नं येणारी एक मुलगी शेतातल्या मोटारीवर प्रोग्राम लिहीत होती. लाइट आली की दहा सेकंद थांबायचं, दर सेकंदाला स्क्रीनवर एक टिंब, मग 'मोटार चालू'. टिंबं एकेक करून दिसायची तर प्रत्येक टिंबानंतर बफर (स्क्रीनवर जाण्याआधी मजकूर साठतो ती जागा) रिकामा करावा लागतो, नाहीतर बहुतेक वेळा दहाही टिंबं शेवटी एकदमच पडतात. तिनं स्क्रीनवर छापणाऱ्या सीआउटच्या ओळीत टिंबापुढे बफर रिकामा करणारं एसटीडी फ्लश लिहिलं. ॲपनं एरर दिली : हे फंक्शन नेमकं कोणतं ते ठरवता येत नाही.

तिनं ती ओळ चार वेळा खोडून जशीच्या तशी लिहिली. वहीवर बोट ठेवून एकेक अक्षर ताडलं. मग म्हणाली, "मॅडम, मला हे जमतच नाही."

कोड बिनचूक होता. फ्लश ओस्ट्रीम हेडरमध्ये (प्रोग्रामला वर जोडायच्या तयार फाइलमध्ये) असतं आणि सी प्लस प्लसच्या २०११च्या स्टँडर्डपासून आयओस्ट्रीम हे नेहमीचं हेडर घेतलं की ओस्ट्रीम सोबत येतंच. तरी ते वेगळं जोडून पाहिलं, एरर तीच. घरी लॅपटॉपवर जीसीसी या दुसऱ्या कंपायलरला तीच फाइल दिली, वॉर्निंग चालू ठेवून. एक तक्रार नाही. फ्लश हे टेम्पलेट आहे, म्हणजे अनेक रूपं घेणारा साचा. समोरची स्ट्रीम (मजकूर जिच्यातून बाहेर जातो ती, इथं सीआउट) बघून त्याचं योग्य रूप कंपायलरनंच निवडायचं असतं, आणि हे ॲप तिथंच अडतं. बफर रिकामा करणारं एंडएलही तसंच टेम्पलेट, ते मात्र चालतं. पण त्यानं टिंबागणिक नवी ओळ पडते.

कंपनीला कोड, स्क्रीनशॉट सगळं पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर : "तुमचा कोड तपासा." याचा मला फार राग आला. शिकणारं लेकरू कंपायलरवर शंका घेत नाही, स्वतःवर घेतं.

अडलेल्यांसाठी सांगते : सीआउट डॉट फ्लश, पुढे रिकामा कंस, असं वेगळ्या ओळीत लिहा, चालतं. मी फळ्यावर दोन्ही पद्धती लिहिते आणि पहिलीपुढे 'बरोबर आहे, पण मोबाइलवर नको' असं लिहावं लागतं. ती ओळ चालल्याशिवाय पुढच्या वर्षीचे पैसे भरायला मी कुणाला सांगणार नाही.