जुने सिमेंटचे पत्रे: तपासून घ्यायचे, की ॲस्बेस्टॉस आहेच असं धरायचं?

मे महिना आला की पडवीचे, गोठ्याचे, मागच्या खोलीचे जुने सिमेंटचे पत्रे उतरायला लागतात. पद्धत ठरलेली. गंजलेला हूक सुटत नाही, मग हातोडा घालून पत्रा फोडायचा आणि तुकडे खाली टाकायचे. उडणाऱ्या त्या धुळीतच खरी भीती आहे. पत्र्याच्या सिमेंटमध्ये मिसळलेल्या ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे एका तंतुमय खनिजाचे, तंतू फुप्फुसात गेले, तर कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षंही लागतात. म्हणून दुरुस्तीआधी प्रश्न पडतो, की तपासणीवर पैसे घालावेत का?

नालीदार छपराच्या पत्र्यांपुरतं माझं मत स्पष्ट आहे: तपासू नका, आहेच असं धरा. आपल्याकडच्या अशा बहुतेक पत्र्यांत वजनाच्या साधारण दहा टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. ब्रिटनमध्ये १९९९ साली संपूर्ण बंदी आली, त्यामुळे लंडनला घर घेणारा भाचा बांधकामाचं साल बघून बरंचसं ठरवू शकतो. आपल्याकडे हे पत्रे आजही कायद्याने विकले जातात. बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. म्हणजे पत्रा १९८० चा असो की मागच्या दिवाळीचा, सालावरून काहीच कळत नाही. (‘नवे आहेत, त्यात नसतं,’ असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. बिल बघा. ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा असेल तर तसं लिहिलेलं असतं, आणि तो महागही पडतो.) तपासणीचे पैसे वाचवा आणि ते पत्रे न फोडता, ओले करून, हूक कापून अख्खे उतरवणाऱ्या माणसाला द्या.

मात्र छत सोडून घरात आलात की हिशेब बदलतो. फॉल्स सीलिंगचे बोर्ड, पार्टिशनचे सपाट पत्रे, जुन्या गिरणीतल्या वाफेच्या पाइपांवरचं आवरण, व्हिनाइलच्या फरश्या आणि त्यांखालचा काळा डिंक. यांत असेलही, नसेलही. सगळं आहेच असं धरलं तर काम उगाच महागतं. नाहीच असं धरलं तर धोका, आणि पाइपांवरचं आवरण तर हाताने चुरगळतं, म्हणून ते सगळ्यात वाईट. इथे तपासणीचे पैसे वसूल होतात.

कोणती तपासणी? तुकड्याची सर्वांत स्वस्त आणि नेहमीची म्हणजे पीएलएम, म्हणजे ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक. बोर्ड, आवरण, सपाट पत्रा यांना ती पुरते. फरशीला मात्र पुरेलच असं नाही. व्हिनाइलमधले तंतू इतके बारीक असतात, की पीएलएममध्ये निसटतात आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं येतं. तिथे टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. महाग आणि वेळखाऊ, पण फरशी घासून काढायचीच असेल तर दुसरा उपाय नाही. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांची तपासणी, खनिज कुठलं ते सांगते, पण ते तंतूच्या रूपात आहे की नाही हे सांगत नाही. एकट्या एक्सआरडीवर भिस्त ठेवू नका.

चौथी तपासणी हवेची. काँट्रॅक्टरला ही फार आवडते, कारण एक यंत्र खोलीत ठेवलं की झालं. पण भिंतीला धक्काच लागलेला नसेल, तर त्या खोलीतली हवा स्वच्छच येणार! उद्या तिथे ड्रिल चालवल्यावर काय होईल, हे तिला कसं कळावं? शिवाय साध्या पद्धतीत सगळेच तंतू मोजले जातात, कापसाचेसुद्धा. काम संपल्यावर खोली वापरायला देण्याआधी ती उपयोगाची.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता बघाच, पण मान्यतेच्या यादीत ॲस्बेस्टॉस आहे का, तेही विचारा. पाणी आणि काँक्रीट तपासणाऱ्या पुष्कळ आहेत, ही चाचणी करणाऱ्या थोड्याच.

नमुना शक्यतो त्यांच्याच माणसाला घेऊ द्या. स्वतःच घ्यायचा झाला तर पंखा बंद, जागा साबणाच्या पाण्याने भिजवलेली, तोंडाला बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क. फडकं किंवा सर्जिकल मास्क चालणार नाही. नाण्याएवढा तुकडा, सगळ्या थरांसकट, छिन्नीने काढायचा, ड्रिलने नाही. एकात एक दोन पिशव्यांत बंद करा आणि उघडी पडलेली कड रंगाने किंवा टेपने झाका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही पिशवीत बंद करून टाका.