हेडलाइट काळा करायचाय: काचेवर स्प्रे, फिल्म की आतून रंग?

हेडलाइटला ‘स्मोक लूक’ द्यायचे घरच्या घरी तीन मार्ग आहेत. काचेवर बाहेरून पारदर्शक काळा स्प्रे मारायचा, टिंटची फिल्म चिकटवायची, किंवा हेडलाइट उघडून आतली चंदेरी चौकट, म्हणजे बेझल, काळी रंगवायची. दिवसा लांबून पाहणाऱ्याला तिन्ही गाड्या सारख्याच दिसतील. फरक रात्री चालवणाऱ्याला कळतो, कारण पहिल्या दोन प्रकारांत रंग उजेडाच्या वाटेत येतो आणि तिसऱ्यात येत नाही. खर्च आणि मेहनत यांचा हिशोब त्यानंतरचा.

साधा एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, तो साधारण १,००० ल्युमेन आणि अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, १,६५० ल्युमेन उजेड देतो. स्प्रेचा एक हलका कोट २० टक्के उजेड अडवतो असं धरलं, तर दोन कोटांनंतर ६४ टक्केच उरतो, तीन कोटांनंतर जेमतेम ५१. भर पावसात आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटात धुकं उतरलेलं असताना अर्धा डिपर म्हणजे काय, हे त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको. मग बरेच जण १००/९० वॅटचे बल्ब टाकतात. त्याने डिपरचा करंट प्रत्येक बल्बला साडेचार अँपिअरवरून साडेसातवर जातो, कंपनीची वायरिंग आणि होल्डर तापून वितळतात, आणि रिफ्लेक्टरची चकाकी जळून जाते ती वेगळीच. असे बल्ब कायद्यालाही मान्य नाहीत.

बाहेरून स्प्रे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा मार्ग. आपण ‘काच’ म्हणतो ती आजच्या गाड्यांत पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते आणि तिच्यावर ऊन सोसणारा पातळ कडक थर असतो. रंग धरावा म्हणून पॉलिश पेपर घासला की तो थर जातो. मग वरून ऊन रोखणारा क्लिअर कोट मारला नाही, तर काच वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडू लागते. क्लिअरमध्ये टू-के, म्हणजे हार्डनर असलेला, टिकाऊ. पण त्यात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क त्याची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि मोकळी जागा नसेल तर या वाटेला जाऊ नये.

तरी करायचंच असेल तर क्रम असा: शाम्पूने धुवायचं, १,००० आणि मग १,५०० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोल काचेला लावू नका. पॉलिकार्बोनेटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या पॉलिशने जात नाहीत. कॅन २०-२५ सेंटिमीटरवरून, हात न थांबवता चालवायचा. दोन कोटांत दहा मिनिटं जाऊ द्यायची. हवेत दमटपणा खूप असेल, म्हणजे कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर जवळजवळ रोजच, तर रंगावर दुधट पांढरी छटा येते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. बाहेरचा प्रकाश काचेतून आत जातो आणि परत बाहेर येतो, म्हणजे तो टिंट दोनदा ओलांडतो. त्यामुळे ८० टक्के पारदर्शक असलेला एकच कोट बघणाऱ्याला ६४ टक्क्यांसारखा गडद दिसतो. जो रंग ‘अजून फिका’ वाटतोय, तो बहुधा पुरेसा झालेला असतो.

हे सगळं परत काढायचं म्हणजे ८०० पासून ३,००० नंबरपर्यंत पेपर, मग पॉलिश, मग पुन्हा क्लिअर. मागे वळणं इथे कठीण.

फिल्म

उजेड तितकाच खाते, पण नको झाली की निघते, आणि हा फरक मोठा आहे. पीव्हीसीची फिल्म स्वस्त, पण उन्हात कडांनी आकसते आणि जास्त काळ राहिली की गोंद काचेवर सोडते. टीपीयू या लवचिक प्लास्टिकची महाग असते. वळणावर नीट बसते आणि काचेवर खडे लागण्यापासूनही वाचवते. लावताना एक लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून काच आणि फिल्म दोन्ही ओली करायची. मधून कडेकडे पाणी ओढत जायचं, वळणावर हेअर ड्रायरने मऊ करायची, कड बॉनेटच्या फटीपासून दोन मिलिमीटर आत कापायची. ब्लेड काचेवर टेकवू नये, ओरखडा कायमचा राहतो. काढताना गरम करून सावकाश, काचेला जवळजवळ समांतर ओढायची. उरलेला गोंद आयसोप्रोपिलने निघतो.

रबरासारखा सोलून निघणारा स्प्रे हा यांच्यातला मधला प्रकार. चार-पाच जाड कोट मारले तरच तो अखंड सोलला जातो, आणि इतक्या जाडीत उजेडाचं काही उरत नाही. बंपरच्या जाळीला ठीक, हेडलाइटला नाही.

आतून रंग

कष्ट सर्वांत जास्त, पण नीट झालं तर उजेड जिथल्या तिथे. मात्र आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा. प्रोजेक्टर असेल तर उजेड त्या गोल भिंगातूनच बाहेर येतो. भोवतीची चौकट शोभेची. ती बिनधास्त रंगवा. रिफ्लेक्टर असेल तर बल्बमागची चकचकीत वाटीच उजेड फेकते. तिला रंग तर नकोच, बोट किंवा कापडही लावू नका, कारण तिच्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर पुसला जातो. काही साध्या हॅचबॅकमध्ये वाटी आणि चौकट एकच तुकडा असतो. तिथे हा बेत सोडून द्यावा. अख्खा एलईडी युनिट असेल तरीही तेच. तो बिघडला तर नव्या असेंब्लीचा आकडा हौसेच्या पलीकडचा असतो.

दुसरी अडचण सीलची. काच ब्युटाइलने, म्हणजे मऊ चिकट रबरी सीलंटने, चिकटवलेली असेल तर उष्णतेने मऊ होऊन सुटते. पॉलियुरेथेनचा पक्का सील गरम करून सुटत नाही, कापावा लागतो, आणि घरी कापताना काच तडकण्याचीच शक्यता जास्त. खोबणीत टोकदार वस्तू टोचून बघा: च्युइंगमसारखं ताणलं गेलं तर ब्युटाइल, रबरासारखं परत फिरलं तर थांबा.

बहुतेक गाड्यांत बंपर काढावा लागतो. बल्ब, मागची रबरी टोपी, लेव्हलिंगची (झोत वर-खाली करणारी) मोटर, क्लिपा आणि स्क्रू, सगळं आधी काढायचं. एक स्क्रू राहिला तर हेडलाइटचं घर, म्हणजे मागचा प्लास्टिकचा सांगाडा, तुटतं. घरगुती ओटीजीत हेडलाइट सहसा मावत नाही, आणि ज्यात खाणं भाजतो त्यात तापलेल्या प्लास्टिकची वाफ नकोच. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भोक पाडून हीट गनने हवा सोडायची आणि थर्मामीटरने आतली हवा १०० अंशांच्या आसपास ठेवायची. आठ-दहा मिनिटांनी एका कोपऱ्यातून प्लास्टिकच्या पट्टीने उचकटायला सुरुवात करायची. १२० च्या वर जाऊ नका, घराचं प्लास्टिक वाकतं. खोक्याजवळून हलायचं नाही, पुठ्ठा पेटतो.

चौकट बाहेर काढून राखाडी स्कॉच-ब्राइटने (घासायच्या खरखरीत पॅडने) चकाकी मोडायची, धुवायची, वाळवायची. आधी प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, मग उष्णता सोसणारा मॅट काळा रंग, दोन-तीन हलके कोट. रंग हाताला सुकला म्हणजे झालं असं नाही. आत सॉल्व्हंट राहिला तर बल्बच्या उष्णतेने तो उडतो आणि काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर बसतो, तोही सगळं बंद केल्यावर. किमान ४८ तास उन्हात किंवा उबेत ठेवा आणि जवळ नाक नेऊन बघा. वास येतोय तोवर बसवू नका.

बंद करताना हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वापरलं जातं, तीच नेमकी चूक. त्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल रिफ्लेक्टरचा थर खातं. ब्युटाइलची नवी दोरी खोबणीत बसवा, पुन्हा गरम करा, दाबा, क्लिपा लावा. मागचं श्वास घेणारं छोटं भोक किंवा टोपी बुजवू नका. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं पाइपने पाणी मारून बघा. दिवा लावल्यावर निघून जाणारी हलकी वाफ चालते. थेंब दिसले तर सील पुन्हा.

कायदा आणि निवड

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय बदल करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ (४) नुसार मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काचेवरचा काळा रंग वाहतूक पोलिसाला दहा फुटांवरून दिसतो. आतली काळी चौकट आणि कंपनीची काळी चौकट यांत फरक सांगणं अवघड असतं, पण तेवढ्याने बदल नियमात बसला असं समजू नका.

पूर्वी समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काचेचा वरचा भाग काळा करायची पद्धत होती, तीही अजून कुणी सुचवतं. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, त्यामुळे डिपरचा सगळा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यातूनच येतो. म्हणजे तो पट्टा रस्त्यावरचा डिपर जास्त मारतो, अप्पर कमी.

प्रोजेक्टर, ब्युटाइल आणि एक मोकळा शनिवार-रविवार हाताशी असेल तर आतून रंगवा. फोटोपुरती किंवा कार-मेळाव्यापुरती हौस असेल तर फिल्म लावा आणि रात्रीच्या प्रवासाआधी काढा. बाहेरचा स्प्रे आम्ही कुठल्याच हेडलाइटला सुचवणार नाही. काचेचा ज्यातून उजेड जातच नाही असा कोपरा रंगवायचा असेल तर आधी तिथे काळा पुठ्ठा चिकटवून रात्री भिंतीवरचा झोत बघा. झोत जराही बदलला तर तो कोपरा मोकळा नव्हता.

आणि हेडलाइट खोलण्याआधी सपाट जागेवर, टायरमध्ये नेमकी हवा भरून, भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा आणि दोन्ही झोतांच्या वरच्या कडेवर मास्किंग टेप लावून ठेवा. बसवल्यावर फोकस त्याच टेपेशी जुळवायचा.